शिट्टी वाजली तर

तिनं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "ही वाजली की थांबायचं. जिथं असशील तिथं. का, कशाला, ते सगळं थांबल्यावर विचारायचं."

तो खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होता. बूट कपाटाच्या वरच्या फळीवरून आजच खाली उतरले होते आणि दोन वर्षांची धूळ झटकल्यावरही त्यांना कपाटाचाच वास येत होता.

"आणि नाही थांबलो तर?" त्यानं विचारलं. विचारलं थट्टेनं, पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेला जागा नव्हती.

"तर पळणं संपलं. कायमचं. मी आरडाओरडा करणार नाही, रडणार नाही. फक्त पुन्हा कधी हे बूट घातलेस तर दारात मी उभी असेन, आणि बाहेर पडायला तुला मला ढकलावं लागेल. कबूल?"

त्यांची लेक समोर बसून पावाला लोणी लावत होती. आईबाप काहीही बोलले तरी लाज वाटावी, असं तिचं वय होतं. "बाबा, कबूल म्हणा आणि विषय मिटवा," ती म्हणाली. "नाहीतर ही शिट्टी रोज आपल्या पंगतीला बसणार."

"कबूल," तो म्हणाला.

कबूल म्हणायला काय जातं? जीभ हलवली की झालं. पण तो अगदी मनापासून म्हणाला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं ते ऐकून कुणाला वाटेल की हा गडी पहिल्यापासूनच लबाड होता. लबाड नव्हता, हट्टी होता. आता हट्टी माणसाच्या हातून लबाडी होतच नाही असं नाही, पण तो विषय पुढे येईल.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर, कप्प्या आणि तारा तपासण्यात त्याचा दिवस जायचा. बायको पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. आणि रोज सकाळी कामाआधी तो पळायचा. कुणी पदक देईल म्हणून नव्हे, पळाल्याशिवाय त्याला आपण पुरते जागे झालो असं वाटतच नसे. पळणाऱ्यांच्या गटात त्याला 'इंजिन' म्हणायचे, कारण एकदा सुरू झाला की याला थांबवणार कोण, हा सगळ्यांचा विनोद होता.

दोन वर्षांपूर्वी तो विनोद अंगाशी आला. शर्यतीचा शेवटचा टप्पा होता. त्याच्या छातीत काहीतरी फडफडायला लागलं, खोलीत अडकलेलं पाखरू फडफडतं तसं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. होईल बंद, म्हणून तो पळतच राहिला. रस्त्याच्या कडेला बायको उभी होती. तिला त्याची मान डावीकडे कललेली दिसली, ओठ पांढरे पडलेले दिसले. बुडणारं पोर ओरडत नाही, गप्प होतं, हे तिच्या रोजच्या पाहण्यातलं होतं; तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, "थांब! अरे, थांब!" त्यानं ऐकलं. तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि माशी वारावी तसा हात हलवला. चालू दे तुझं, अशा अर्थानं. शेवटची कमान समोर दिसत असताना तो तोंडावर आपटला.

दोन दात तिथंच राहिले. त्याच्या मागून येणारा दातवाला, म्हणजे गटातला दातांचा डॉक्टर आणि इंजिनाचा जुना प्रतिस्पर्धी, स्वतःची शर्यत सोडून थांबला. त्यानं याला उताणं केलं, छाती दाबत राहिला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हटला नाही. नवे दातही पुढे त्यानंच बसवले आणि वर ऐकवलं, "इतक्या वर्षांत तुला गाठायची ही एकच संधी आली होती, तीही तू वाया घालवलीस."

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मांडीतून बारीक तार आत नेऊन हृदयातली एक चुकार जागा जाळली. इंजिनाला ते ऐकून बरंच वाटलं. चुकीच्या जागी ठिणगी पडत होती, ती तोडली, हे त्याला समजण्यासारखं काम होतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर बाईंनी मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांची एक मर्यादा लावून दिली. ठोके त्यापुढे गेले की घड्याळ किंचाळणार. "महिना दोन महिने याच्या आत पळा," त्या म्हणाल्या, "मग मर्यादा वाढवू. पण एक ध्यानात ठेवा, मागच्या वेळी पडेपर्यंत तुम्हाला काही कळलं नव्हतं."

"कळलं होतं," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "याला कळलं होतं. मलाही दिसलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "मग शर्यतीला तुम्हीच उभ्या राहत जा," त्या तिला म्हणाल्या, आणि शिट्टीची कल्पना तिथून निघाली.

सुरुवात लाजिरवाणी होती. थोडं पळायचं, थोडं चालायचं, पुन्हा थोडं पळायचं. नदीकाठच्या रस्त्यावर कुत्र्याला फिरवणारी एक आजीबाई त्याला रोज मागे टाकायची, आणि वर "येईल हो जमायला, सावकाश घ्या," म्हणून धीर द्यायची. त्याच्या अंगाची लाही व्हायची. ज्या चढावर तो कधीकाळी गप्पा मारत पळायचा, त्या चढाच्या मध्यावर घड्याळ किंचाळायचं आणि त्याला मुकाट चालावं लागायचं. घरी आल्यावर बायको घड्याळ बघायची. बोलायची नाही, नुसती बघायची. मुलांच्या वहीत शेरा शोधावा तसं. ते न बोलणं त्याला बोलण्याहून जास्त झोंबायचं.

"मी काय पाळण्यातलं बाळ आहे?" एकदा तो चिडून म्हणाला.

"बाळं बरी," ती म्हणाली. "सांगितलेलं ऐकतात."

पण शरीर हे मोठं दिलदार प्रकरण आहे. रोज थोडं थोडं मागितलं तर नाही म्हणत नाही. हळूहळू चालणं कमी झालं, पळणं वाढलं. आजीबाई मागे पडायला लागल्या, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की तो त्यांना ओलांडताना "नमस्कार!" असं जरुरीपेक्षा मोठ्यानं ओरडला आणि कुत्रं भुंकलं. झोप गाढ लागू लागली. जिन्यात पुन्हा दोन दोन पायऱ्या चढू लागला. बाईंनी घड्याळातली मर्यादा थोडी वाढवली, मग आणखी थोडी. आणि एक दिवस दातवाल्यानं बातमी आणली: तळ्याभोवतीची शर्यत जाहीर झालीय. तीन फेऱ्या. "येतोस, की अजून आजीबाईंशीच स्पर्धा?"

त्या रात्री जेवताना त्यानं शर्यतीचं काढलं. बायकोनं घास चावून संपवला, पाणी प्यायली. "जा," ती म्हणाली. "मी होड्यांच्या धक्क्याजवळ उभी राहीन. तिथून लांबवर दिसतं."

शिट्टीचं नाव तिनं काढलं नाही. काढायची गरज नव्हती. ती टेबलावर होतीच.

त्याच आठवड्यात कामावर एक प्रसंग घडला. प्रसंग किरकोळ, पण त्यानं तो घरी मीठमसाला लावून सांगितला म्हणून इथं सांगायचा. एका जुन्या दहा मजली इमारतीत लिफ्टची वार्षिक तपासणी होती. लिफ्टच्या खाली जबडे असतात. दोर तुटला, लिफ्ट सुटली, तर ते जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना चावतात आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते. ते चावतात की नाही हे बघायला त्यानं लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरली आणि ती मुद्दाम सोडली. धाडकन आवाज झाला, सगळी इमारत दणाणली, आणि लिफ्ट रुळांना चावून उभी राहिली. इमारतीचा व्यवस्थापक धावत आला. रुळांवर ओरखडे पाहून त्याचं डोकं फिरलं.

"लिफ्ट व्यवस्थित चालली होती! काही बिघडलं नसताना तुम्ही ती पाडलीत?"

"बिघडलं नसतानाच पाडायची असते," इंजिन म्हणाला. "दोर तुटेल त्या दिवशी आत माणसं असतील, साहेब. तेव्हा जबडे चावतात का, हे बघत बसायचं का?"

व्यवस्थापक पुटपुटत गेला. घरी हे सांगताना त्यानं त्याची नक्कल केली, हात नाचवले, "काही बिघडलं नसताना!" लेक खळखळून हसली. बायकोही हसली, पण थोडी उशिरानं, आणि मग बराच वेळ हातातला चमचा ताटात फिरवत बसली.

आणि मग तो पुलाचा दिवस आला.

सकाळ थंड होती, वारा पाठीमागून होता, पाय आपसूक पडत होते. असे दिवस पळणाऱ्याच्या वाट्याला मोजके येतात. नदीवरच्या लांब पुलाच्या तोंडाशी मागून पावलं ऐकू आली आणि दातवाला शेजारून निघून गेला. जाता जाता त्यानं बोटानं नुसतं टोपीच्या कडेला टिचकी मारली. एवढंच. पण त्या एवढ्याशा टिचकीनं इंजिनाच्या डोक्यात दोन वर्षांचा साचलेला सगळा अपमान उसळला. आजीबाई, घड्याळ, डॉक्टरीणबाई, बायकोचं ते न बोलता बघणं. त्यानं वेग घेतला. पुलाच्या मध्यावर घड्याळ किंचाळलं. तो पळतच राहिला. घड्याळ पुन्हा किंचाळलं. त्यानं पळता पळता पट्टा सोडला, घड्याळ काढून खिशात कोंबलं, आणि दातवाल्याला पुलाच्या टोकाशी गाठलं.

छातीत काही फडफडलं नाही. डोळ्यांपुढे अंधारलं नाही. नुसता आनंद झाला, निर्भेळ आनंद, आणि दोघं कठड्याला टेकून धापा टाकत हसत सुटले.

"घड्याळ कुठाय?" घरी आल्यावर बायकोनं विचारलं.

"खिशात आहे. पट्टा टोचत होता."

"आणि पळणं कसं झालं?"

"हळूच घेतलं आज. रमत गमत."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. नंतर "बरं," म्हणाली आणि तलावावर जायची पिशवी आवरायला लागली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर कामावर जाऊन, काहीतरी विसरलं म्हणून परत आली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की त्या दिवसापासून तिनं घड्याळ बघणं बंद केलं. एकदाही नाही. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग अस्वस्थ वाटायला लागलं. बघणारी नजर झोंबते खरी, पण ती एकाएकी निघून गेली की माणूस आपणच आपल्याला बघायला लागतो, आणि त्याला जे दिसत होतं ते त्याला आवडत नव्हतं. दोनतीनदा सांगून टाकावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. शर्यत झाल्यावर सांगू, असं म्हणून त्यानं ते गिळलं.

शर्यतीच्या सकाळी तळ्याकाठी ही गर्दी. कुणी टाचा झटकतंय, कुणी केळं खातंय, कुणी उगीचच तिसऱ्यांदा लघवीला जाऊन येतंय. इंजिनाचे हात गार पडले होते. दोन वर्षांनी छातीवर नंबर लावताना सेफ्टी पिन त्याच्या बोटात घुसली. लेकीनं त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि नीट लावून दिली.

"आई कुठाय?"

"धक्क्यावर. कधीची जाऊन उभी आहे. सकाळपासून काही खाल्लं नाहीय तिनं." लेकीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. नेहमीचा टवाळपणा डोळ्यांत नव्हता. "बाबा, शिट्टी वाजली तर थांबाल ना?"

"म्हणजे काय? कबूल केलंय ना?"

"मागच्या वेळी मीपण तिथंच होते," ती म्हणाली आणि आईकडे निघून गेली.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन वर्षांत लेक त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. बंदुकीचा बार झाला आणि लोंढा सुटला, तेव्हा त्याच्या डोक्यात तिचं तेच वाक्य होतं.

पहिली फेरी तो शहाण्यासारखा पळला. घड्याळ मनगटावर होतं. आता त्यातली मर्यादा शर्यतीपुरती वाढवलेली होती आणि तो तिच्या आतच होता. धक्क्याजवळ आला तेव्हा त्यानं बायकोला लांबूनच ओळखलं. ती ताठ उभी होती, तलावाच्या काठावर उभी राहते तशी, पाय थोडे फाकून. शिट्टी ओठांत होती. तो जवळ आला, समोर आला, आणि तिच्या समोरून गेला. शिट्टी वाजली नाही. लेकीनं पुढे केलेला पाण्याचा पेला त्यानं घेतला, अर्धा प्यायला, अर्धा अंगावर सांडला.

दुसऱ्या फेरीत खेळ सुरू झाला. पुढची माणसं मागे पडायला लागली. एक तरुण पोरगा, मग दोन शिक्षक, मग पोटरी धरून लंगडणारा कुणीतरी. आणि तळ्याच्या पलीकडच्या वळणावर समोर दातवाल्याची टोपी दिसली. इंजिनानं घाई केली नाही. पावलापावलानं अंतर तोडलं. मधे मधे तो स्वतःची झडती घेत होता. छाती? शांत. डोळे? स्वच्छ. मान? त्यानं मुद्दाम मान उजवीकडे, डावीकडे हलवून पाहिली. घड्याळ गप्प होतं. सगळं काही ठीक होतं. ठीक कसलं, फार वर्षांत इतकं चांगलं नव्हतं. दातवाल्याच्या बरोबरीला आल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. बुटांचे आवाज एका लयीत यायला लागले. त्यांच्या वयोगटात त्यांच्यापुढे एकच माणूस होता, आणि तोही हाताशी दिसत होता.

धक्का जवळ आला. बायको दिसली. तिच्या छातीचा भाता वर झाला, हे त्याला लांबून दिसलं.

शिट्टी वाजली.

एकच, लांबलचक, कान फाडणारी. तलावावरची पोरं जिच्या आवाजाला मासोळ्यांसारखी काठाकडे पळतात ती. काठावरचे लोक दचकून मागे वळले. दातवाल्याचं पाऊलसुद्धा चुकलं.

आणि इंजिन पळत राहिला.

पाय पळत राहिले म्हणायचं. डोक्यात एकाच वेळी सतरा गोष्टी ओरडत होत्या. मला काही झालेलं नाही. मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. नाही, मागच्या वेळी फडफड होती, आता नाही. मान कललीय का? नाही कललेली. तिला काय कळतंय इतक्या लांबून? चुकलीय ती, ऊन डोळ्यांवर आलंय तिच्या. दातवाला अर्धं पाऊल पुढे गेला. आता थांबलो तर संपलं, सगळं संपलं, एवढ्या महिन्यांच्या सकाळी पाण्यात. तो तिच्या समोर आला. तिच्या डोळ्यांत डोळे गेले, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर उठला.

तो हात त्यानं पाहिला. हवेत, खांद्याच्या उंचीला, माशी वारायला निघालेला. चालू दे तुझं. तोच हात, तीच बायको, तीच लेक तिच्या शेजारी, हातात पाण्याचा पेला घट्ट आवळून.

तो थांबला. इतका गचकन थांबला की मागचा माणूस त्याच्या पाठीवर आदळला आणि शिव्या घालत पुढे गेला. दातवाल्यानं वळून पाहिलं, त्याचे डोळे भीतीनं विस्फारले आणि तोही परत फिरायला लागला.

"तू पळ!" इंजिन ओरडला. "मी उभा आहे. पळ तू!"

बायको धावत आली. तिनं आधी त्याच्या मानेवर दोन बोटं टेकवली, डोळे मिटले, मोजत राहिली. तिची बोटं बर्फासारखी होती.

"काय दिसलं तुला?" तो धापा टाकत म्हणाला. "मान कलली होती?"

"नाही."

"ओठ पांढरे झाले होते?"

"नाही. लाल आहेत चांगले."

"मग?" त्याचा आवाज चढला. शेजारून माणसं पळत होती, एकामागून एक, त्यानं मागे टाकलेली सगळी. "मग वाजवलीस कशाला? मला काहीही झालं नव्हतं!"

"त्या दिवशी पुलावर मी बसमध्ये होते," ती म्हणाली.

त्याचा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळावर गेला.

"घड्याळ काढून खिशात घातलंस तेव्हा बस तुझ्या शेजारून गेली. मी काचेला हात लावून बसले होते. तू मजेत होतास. इतका मजेत तुला कितीतरी दिवसांनी बघितलं मी." तिनं शिट्टी मुठीत धरली. "घरी येऊन रमत गमत म्हणालास. तेव्हापासून झोप नाही मला. शिट्टी वाजली तर तू थांबशील की नाही, मला काही केल्या कळेना. आणि ते ज्या दिवशी खरंच गरज पडेल त्या दिवशी कळून काय उपयोग होता?"

त्याला राग आला होता. खराखुरा, पोटातून वर आलेला राग. तिनं त्याची शर्यत मोडली होती, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. पण त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. त्याला लोखंडी वजनं भरलेली लिफ्ट आठवली, आणि रुळांवरचे ते ओरखडे.

"काही बिघडलं नसताना?" तो म्हणाला. त्या व्यवस्थापकाचेच शब्द, पण या वेळी नक्कल नव्हती.

"बिघडलं नसतानाच," ती म्हणाली. "पहिल्या फेरीतच वाजवणार होते. जमलं नाही. वाटलं, नाही थांबला तर? तर मी काय करणार होते? दारात उभी राहीन म्हणाले होते, पण मला नसतं रे जमलं. तू मला ढकलून गेला असतास, आणि मी तुला जाऊ दिलं असतं, आणि एक दिवस..."

त्यानं तिचा हात आपल्या मानेवरून काढून घेतला आणि हातात धरला. "खोटं बोललो मी," तो म्हणाला. "पट्टा टोचत नव्हता."

"माहीत आहे."

"माफ कर."

"ते करीन नंतर." तिनं नाक ओढलं, हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि एकदम पोरांना दटावायच्या आवाजात म्हणाली, "आता उभा काय राहिलास? पोटऱ्या आखडतील. एक फेरी आहे अजून. पळ!"

"आता पळून काय करू? सगळे पुढे गेले."

"बाबा," लेक म्हणाली. तिनं पेला पुढे केला. पेला तिनं इतका आवळला होता की त्याची कडा वाकली होती. तिचे गाल ओले होते आणि ते लपवायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. "तुम्ही थांबलात. आता जा ना."

तो पाणी प्यायला आणि निघाला. पहिली काही पावलं लाकडासारखी पडली. पाय हळूहळू सुटले. पुढे गेलेले त्याला काही आता सापडणार नव्हते. दातवाला तर तळ्याच्या पलीकडे पोचला होता, टोपी ठिपक्याएवढी दिसत होती. इंजिन एकटाच पळत राहिला. गंमत म्हणजे छाती हलकी झाली होती. पुलावरच्या त्या सकाळपासून तिथं काहीतरी बसून होतं, आणि त्याला वाटत होतं की ते शर्यतीचं दडपण आहे. मूर्ख होता. ते दडपण नव्हतं, ती थाप होती.

शेवटच्या वळणानंतर पुन्हा धक्का आला. त्याची नजर आपसूक त्या जागेकडे गेली. जागा रिकामी होती. मग त्याला ती दिसली, थोडी बाजूला, दगडी कट्ट्यावर. रस्त्याकडे पाठ करून, पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसली होती आणि पाव खात होती, दोन दिवसांच्या उपाशासारखी. शिट्टी शेजारी, पिशवीवर पडलेली होती. लेक तिला काहीतरी सांगत होती आणि ती तोंडात घास घेऊन हसत होती.

गेले कित्येक महिने ज्या नजरेचा त्याला काच होत होता, ती नजर आज तळ्यातल्या बदकांवर होती. आणि या गड्याला काय वाटावं? त्याला चक्क वाईट वाटलं.

"अगं!" तो पळता पळता ओरडला. "इकडे बघ की! मी चाललोय!"

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाव धरलेला हात तेवढा वर केला आणि हलवला, माशी वारावी तसा. चालू दे तुझं.

तो मोठ्यानं हसला आणि शेवटच्या कमानीकडे पळत राहिला.